इंग्रजी व्याकरणातल्या फक्त क्लॉजचा क्लास, २४०० रुपये: शनिवारच्या चार्टसाठी जाऊ नका, रविवारच्या मॅडमसाठी जा

आधीच सांगते, क्लासचं नाव लिहिणार नाही. ज्या मॅडममुळे माझे पैसे वसूल झाले त्या तिथेच नोकरीला आहेत आणि ज्या सरांमुळे डोकं फिरलं ते मालक आहेत, त्यामुळे समजून घ्या. कोल्हापुरात राजारामपुरीत आहे, दुसरा मजला, खाली झेरॉक्स आणि बाजूला चहाचा गाडा. एवढ्यावर ओळखलंत तर तुमचं तुम्ही.

मी ३६ वर्षांची, पतसंस्थेत क्लार्क, मुलगी आठवीत. सरळसेवेच्या परीक्षा देते, ओपनला वय ३८ पर्यंतच चालतं म्हणजे हातात दोन वर्षं. तलाठीच्या २०२३ च्या पेपरला १०० प्रश्न होते २०० मार्कांचे, त्यात २५ इंग्रजीचे, निगेटिव्ह मार्किंगसुद्धा नव्हतं तरी मला इंग्रजीनेच बुडवलं. आर्टिकल जमतं, प्रीपोझिशन जमतं, पण "पिक आउट द मेन क्लॉज" (क्लॉज म्हणजे मोठ्या वाक्यातलं, स्वतःचं क्रियापद असलेलं छोटं वाक्य, मेन म्हणजे त्यातलं मुख्य) असं काही दिसलं की मी डोळे मिटून पर्याय बी मारायचे. बी का, तर बी. म्हणून जेव्हा "ओन्ली क्लॉज, सहा वीकेंड, बारा लेक्चर" अशी जाहिरात बघितली तेव्हा नवऱ्याला न सांगता भिशीच्या पैशातून फी भरली. (सांगितलं नंतर. तो म्हणाला एवढ्या पैशात व्याकरणाची दहा पुस्तकं आली असती. आली असती, वाचली कुणी असती?)

शनिवारी सर शिकवतात, रविवारी डाउट बॅच मॅडम घेतात. जाहिरातीत फक्त सरांचा फोटो आहे.

सरांची पद्धत अशी. भिंतीवर मोठा चार्ट, लाल आणि निळे शब्द. लाल म्हणजे बिकॉज, ऑल्दो, इफ, अनलेस, व्हेन, आफ्टर, बिफोर, सिन्स, ॲज, दॅट, हू, विच, वन्स वगैरे, निळे म्हणजे अँड, बट, ऑर, सो, यट, फॉर, नॉर. लाल शब्द दिसला की तिथून पुढचा तुकडा सबऑर्डिनेट (गौण), उरला तो मेन, लाल असेल तर वाक्य कॉम्प्लेक्स (मिश्र), निळा असेल तर कंपाउंड (संयुक्त), काहीच नसेल तर सिंपल (केवल), संपला विषय. पहिल्या शनिवारी मी घरी येऊन मुलीला सांगितलं, अगं किती सोपं आहे, शाळेत आम्हाला उगाच रडवलं. दुसऱ्या शनिवारी २० वाक्यांची टेस्ट झाली, मला १७ मिळाले. त्या दिवशी चहाच्या गाड्यावर आम्ही तिघी-चौघींनी भजीसुद्धा खाल्ली.

रविवारी मॅडमनी तोच पेपर मागितला, पेन्सिल काढली आणि १७ चे ११ केले.

पहिलंच वाक्य होतं "आफ्टर द मीटिंग ही वेंट होम." मी लिहिलं होतं कॉम्प्लेक्स, सबऑर्डिनेट क्लॉज "आफ्टर द मीटिंग", सरांच्या उत्तरसूचीतसुद्धा तेच होतं. मॅडम म्हणाल्या, "ताई, यातली क्रियापदं मोजा." मोजली. एकच, वेंट. "मग एका क्रियापदात दोन क्लॉज कसे मावले?" मी चार्टकडे बोट केलं, आफ्टर लाल आहे की ओ मॅडम. त्या म्हणाल्या, शब्दाचा रंग बघू नका, त्याच्यामागे कोण उभं आहे ते बघा. मागे नुसतं "द मीटिंग" असेल तर आफ्टर हे प्रीपोझिशन. "आफ्टर द मीटिंग एंडेड" असेल तर मीटिंग हा कर्ता, एंडेड हे क्रियापद, तेव्हा कुठे तो क्लॉज. बिफोर, सिन्स, अनटिल या सगळ्यांचं तसंच. "सिन्स मंडे" क्लॉज नाही, "सिन्स ही लेफ्ट" क्लॉज आहे. चार्टवर याबद्दल एक अक्षर नाही.

मग त्यांनी जी युक्ती दिली ती मी इथे लिहूनच टाकते, २४०० वाचवा. कुठल्याही वाक्यातलं काळ दाखवणारं क्रियापद शोधायचं, म्हणजे फायनाइट व्हर्ब. ते ओळखायचं कसं, तर वाक्य आजचं असेल तर कालचं करून बघा, कालचं असेल तर आजचं. जे क्रियापद बदलतं ते फायनाइट, जे बदलत नाही ते मोजायचं नाही. "ही वॉन्ट्स टू लर्न ड्रायव्हिंग" हे कालचं करा, "ही वॉन्टेड टू लर्न ड्रायव्हिंग." बदललं फक्त वॉन्ट्स. टू लर्न तसंच, ड्रायव्हिंग तसंच. म्हणजे एक क्लॉज, सिंपल. "शी सॉ हिम क्रॉसिंग द रोड" मध्येसुद्धा सॉ चं सीज होतं, क्रॉसिंग जागचं हलत नाही. जेवढी फायनाइट क्रियापदं तेवढे क्लॉज, आधी आकडा लिहायचा आणि मगच जोडशब्दाकडे बघायचं. आम्ही सगळे उलटं करत होतो.

आकडा दोन आला की त्यातला मेन कुठला? मॅडम गडहिंग्लजकडच्या आहेत, त्या म्हणाल्या ज्याच्या गळ्यात दावं तो सबऑर्डिनेट. बिकॉज, इफ, हू हे दावं, ते ज्या क्लॉजच्या तोंडाशी बांधलंय तो बांधलेला, दुसरा मोकळा. आणि अँड, बट, सो यांना त्या दावं म्हणत नाहीत, दोन मोकळी जनावरं शेजारी उभी आहेत एवढंच. मुलीला हे सांगितलं तर ती हसायला लागली, पण तिला तेव्हापासून चुकलेलं नाही.

खरी मजा दावं दिसत नाही तिथे आहे आणि परीक्षेतसुद्धा तिथेच पाडतात. "आय थिंक ही इज राईट." लाल शब्द नाही, निळा नाही, म्हणजे चार्टप्रमाणे सिंपल. पण क्रियापदं दोन, थिंक आणि इज. मधला दॅट गाळलाय. किंवा हे बघा, "द फोन आय बॉट लास्ट मंथ हॅज स्टॉप्ड वर्किंग." यात बॉट एक, हॅज स्टॉप्ड दोन, वर्किंग मोजायचं नाही. "द फोन" आणि "आय" असे दोन कर्ते मध्ये क्रियापद नसताना अंगाला अंग लावून उभे दिसले की समजायचं तिथला दॅट उडालाय. मधला तुकडा, "आय बॉट लास्ट मंथ", पेन्सिलीने झाकायचा, उरतं "द फोन हॅज स्टॉप्ड वर्किंग", तो मेन. मेन क्लॉज मधून असा फाटतो हेच मला या वयापर्यंत माहीत नव्हतं, मी सलग तुकडा शोधत बसायचे. "द बॉय हू लिव्हज नेक्स्ट डोअर प्लेज द तबला" मध्ये मी नेहमी "नेक्स्ट डोअर प्लेज द तबला" वेगळं काढायचे. शेजारचं दार तबला वाजवतंय.

आता जो भाग मला सगळ्यात जास्त आवडला तो. तिसऱ्या रविवारी मॅडमनी विचारलं, तुम्ही हे सगळं मराठीत करता तेव्हा चुकत नाही, मग इंग्रजीत का चुकता? कुणालाच सांगता येईना. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, "तो आल्यावर मी गेले." क्रियापदं किती? एकच, गेले. "आल्यावर" हे धातुसाधित, म्हणून मराठीत हे केवल वाक्य. त्याचंच इंग्रजी, "आफ्टर ही केम, आय लेफ्ट", त्यात मात्र दोन. आपण दिवसभर आल्यावर, जाताना, करून, बघितल्यावर असं बोलतो, एका वाक्यात चार कामं उरकतो आणि क्रियापद शेवटी एकच, त्यामुळे इंग्रजीतला दुसरा क्लॉज आपल्या कानाला ऐकूच येत नाही. मी त्या दिवशी बसमध्ये लोकांचं बोलणं ऐकत घरी आले. एक बाई फोनवर, "अगं कुकर लावून, कणीक मळून, पोराला सोडून आले." क्रियापद एक.

दुसरा सापळा "म्हणून" या शब्दाचा. "बिकॉज इट वॉज रेनिंग, वी स्टेड ॲट होम." आमच्या अर्ध्या बॅचने "वी स्टेड ॲट होम" ला सबऑर्डिनेट म्हणून खूण केली होती. का, तर मनात मराठी वाक्य होतं, "पाऊस पडत होता म्हणून आम्ही घरी राहिलो", आणि त्यात जोडशब्द घरी राहिलो च्या दाराशी आहे. इंग्रजीत बिकॉज पावसाच्या गळ्यात आहे. शिवाय हे मराठी वाक्य आपल्या व्याकरणात संयुक्त धरतात कारण असं "म्हणून" आलं की ते परिणामबोधक, प्रधानत्वसूचक, म्हणजे दोन्ही वाक्यं बरोबरीची. तेच "आम्ही घरी राहिलो कारण पाऊस पडत होता" केलं की कारणबोधक, गौणत्वसूचक, म्हणजे एक वाक्य दुसऱ्यावर अवलंबून, मिश्र वाक्य. अर्थ तोच, पाऊस तोच, घर तेच. इंग्रजीत सो आणि बिकॉज चा फरक अगदी असाच आहे, सो ने कंपाउंड, बिकॉज ने कॉम्प्लेक्स. मराठीच्या पेपरसाठी ही उभयान्वयी अव्ययं मी पोपटासारखी पाठ केलेली, त्यांचा इंग्रजीशी काही संबंध असेल असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आणि मग क्लॉजचे प्रकार, नाऊन, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब, म्हणजे नामाचं, विशेषणाचं नाहीतर क्रियाविशेषणाचं काम करणारे. सरांनी यासाठी "काय ला विचारा, कोणता ला विचारा, कधी ला विचारा" असं सांगितलं होतं आणि व्हेन म्हणजे ॲडव्हर्ब क्लॉज असं ठोकून दिलं होतं. मॅडमनी तीन वाक्यं दिली, तिन्हीत व्हेन. "आय डोन्ट नो व्हेन ही विल कम." "आय रिमेंबर द डे व्हेन ही केम." "व्हेन ही केम, आय वॉज अस्लीप." म्हणाल्या मराठी करा. तो कधी येणार ते मला माहीत नाही. तो आला तो दिवस मला आठवतो. तो आला तेव्हा मी झोपले होते. आता जोडणारा शब्द बघा: ते, तो दिवस, तेव्हा. एकटं "ते" किंवा "असं" आलं की नाऊन क्लॉज, तो-ती-ते च्या मागोमाग नाम आलं की ॲडजेक्टिव्ह, तेव्हा-तिथे-तसं-तर-तरी आलं की ॲडव्हर्ब. इफ लासुद्धा चालतं. "इफ यू कॉल, आय विल कम", तू बोलावलंस तर येईन, "तर" आला, ॲडव्हर्ब. "ही आस्क्ड मी इफ आय वॉज मॅरीड", माझं लग्न झालंय का असं त्याने विचारलं, "असं" आलं, नाऊन. मी त्या रात्री जुन्या पेपरांतली पन्नासेक वाक्यं अशी लावून बघितली, चार-पाच सोडली तर सगळी बसली. वर्गात "वाह" असं मोठ्याने म्हणणारी मी एकटीच होते, बाजूच्या पोराने वळून बघितलं.

सरांवर अन्याय नको, त्यांचं एक चांगलं आहे. वाक्यरूपांतर ते झकास घेतात. "ही इज टू वीक टू वॉक" सिंपल, त्याचं "ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक" कॉम्प्लेक्स, नो सूनर-दॅन, अनलेस चं इफ-नॉट, हे सगळं तोंडात बसवतात. बारावीच्या ८० मार्कांच्या इंग्रजीच्या पेपरला डू ॲज डायरेक्टेड मध्ये हेच लागतं, त्यामुळे बॅचमधली बारावीची पोरं त्यांच्यावर खूश. ऑल्दो लावल्यावर पुढे बट लावायचं नाही हे तर त्यांनी इतक्या वेळा ओरडून सांगितलंय की झोपेतसुद्धा लावणार नाही (आपण जरी-तरी लावतो ना, तीच सवय). पण शंका विचारली की त्यांना राग येतो. चार्टवर हाउएव्हर लाल रंगात आहे. मी विचारलं, सर, "ही वॉज टायर्ड, हाउएव्हर, ही केप्ट वॉकिंग" यात दोन्ही मोकळी वाक्यं वाटतात. ते म्हणाले लाल आहे ना, मग कॉम्प्लेक्स. मॅडमना विचारलं तर त्यांनी शब्द उचलून मध्ये ठेवला, "ही, हाउएव्हर, केप्ट वॉकिंग." चाललं. म्हणाल्या ऑल्दो ला असं उचलून ठेवून दाखवा. नाही ठेवता येत. जो शब्द वाक्यात इकडेतिकडे फिरतो ते दावं नाही, नुसतं क्रियाविशेषण, म्हणून तर त्याच्याआधी कॉमा नाही, सेमीकोलन लागतो. चार्ट अजून तसाच आहे. चार्टला हात लावायची मॅडमना परवानगी नाही हे मला नंतर कळलं.

एक शंका मात्र दोघांनाही विचारली आणि तिथे फरक कळला. सगळीकडे लिहिलेलं असतं की मेन क्लॉज एकटा उभा राहतो. बरं. "ही सेड दॅट ही वॉज इल" यातला मेन गाइडमध्ये "ही सेड" दिलाय. ही सेड, काय सेड? उभा कुठे राहतोय? आणि "व्हॉट ही सेड इज ट्रू" मध्ये तर मेन म्हणून नुसतं "इज ट्रू" दिलंय, कर्ताच नाही! सर म्हणाले परीक्षेत एवढं खोल जात नाहीत, पुढे चला. मॅडम दोन मिनिटं गप्प बसल्या, मग म्हणाल्या तुमचं बरोबर आहे, ती व्याख्या ॲडव्हर्ब क्लॉजपुरती ठीक, नाऊन क्लॉजला ती लागू पडत नाही. नाऊन क्लॉज हा मेनच्या बाजूला बसत नाही, त्याच्या पोटात बसतो, कधी कर्ता होऊन कधी कर्म होऊन, काढला तर मेन लंगडाच होणार. डब्यातला डबा. खरं बघितलं तर अख्खं वाक्यच मेन आहे, पण पेपरात "इज ट्रू" हाच पर्याय असेल तर तोच मारा. मला हे उत्तर चाललं, निदान माझ्या डोक्यात दोष नाही हे तरी कळलं.

आता बाकीचं पटकन. बॅचमध्ये ६० जण, बेंचवर चार-चार. एसीचा फोटो जाहिरातीत आहे, शनिवारी चालू असतो, रविवारी रिमोट सरांच्या कपाटात. रेकॉर्डिंग मिळेल म्हणाले होते, बारापैकी तीन मिळाली, तिन्ही सरांची. रिंग बाइंडिंगच्या नोट्सचे १८० रुपये वेगळे, आणि त्या कुठल्यातरी जुन्या गाइडची झेरॉक्स आहेत, काही पानं इतकी फिकी की कॉमा आहे का डास मेलाय कळत नाही. आणि क्लॉजच्या धड्यात कॉमा दिसला पाहिजे हो! बांधलेला तुकडा आधी आला तर मध्ये कॉमा, मागून आला तर बहुतेक वेळा नाही, एवढी साधी गोष्ट त्या पानांवर दिसत नाही. नोट्स घेऊ नका, वही न्या, पेन्सिल न्या.

फायदा झाला का? परीक्षेचं आत्ताच सांगता येत नाही. पण आमच्याकडे पतसंस्थेत वकिलांच्या इंग्रजी नोटिसा येतात वसुलीच्या, अर्धं पान एकच वाक्य, दॅट अमुक, व्हेअरॲज तमुक, आणि मी आजवर फक्त रक्कम बघून फाइलला लावायचे. गेल्या आठवड्यात एक घेऊन पेन्सिलीने बसले, बांधलेले सगळे तुकडे झाकत गेले, अकरा निघाले, आणि शेवटी उरलं "आय हिअरबाय कॉल अपॉन यू टू पे." बस. मॅनेजरसाहेबांना दाखवलं तर ते म्हणाले छान आहे, पण तुमचं आजचं कलेक्शन टॅली झालंय का.

माझ्याकडून पाचपैकी तीन स्टार, त्यातले अडीच रविवारचे. बारावीवाल्यांनी शनिवारसुद्धा करावा. स्पर्धा परीक्षावाल्यांनी ऑफिसात जाऊन "फक्त डाउट बॅच" मागा, सहज देत नाहीत, पण मागच्या महिन्यात दोघींनी भांडून १००० रुपयांत घेतली. गाडी झेरॉक्ससमोर लावू नका, झेरॉक्सवाला हवा सोडतो.

आणि हो, पावतीवर खाली छापलंय, "फीज वन्स पेड विल नॉट बी रिफंडेड." शेवटच्या रविवारी आम्ही तेच वाक्य मॅडमसमोर ठेवलं. चार्टमध्ये वन्स लाल आहे, म्हणजे सरांच्या हिशोबाने कॉम्प्लेक्स. मॅडमनी पेन्सिल फिरवली, वन्स च्या मागे कर्ता नाही, पेड ला काळ नाही, "वन्स दे आर पेड" चं आखडून छापलेलं रूप, फायनाइट फक्त विल. सिंपल म्हणाल्या. मग पावती परत दिली आणि हळूच म्हणाल्या, अर्थही तसा सिंपलच आहे ताई, मागू नका.